फाटकाची चहाडी

इंडियानातल्या या गावाचे रुळांनी दोन तुकडे केले होते. मैलभर लांब मालगाडी मध्येच येऊन उभी राहिली की सगळा गाव ठप्प. पण गावकऱ्यांनी त्यातूनही आपली सोय बघितली होती. दंतवैद्याला चुकवायचंय, चर्चला उशीर झालाय, नुसतं "गाडी आडवी आली" म्हटलं की भागायचं. त्यापुढे कोणी काही विचारायचं नाही, असा रिवाजच होता.

ही सोय बुडवली ती व्हर्जिलच्या लेकीने. जोअ‍ॅन नगरपालिकेत वाहतुकीचं नियोजन बघायची. तिने फाटकालाच बोलतं केलं. गाडी येतेय, उभी आहे, गेली, हे फाटक नगरपालिकेच्या विनाड्रायव्हरच्या व्हॅनला आधीच कळवणार आणि व्हॅन पुलाखालच्या रस्त्याने वळून जाणार. गावच्या सभेत तिने हे मांडलं तेव्हा सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या व्हर्जिलने. मोतीबिंदूपायी त्याचं लायसन्स गेलं होतं, आणि त्याची मैत्रीण मॅक्सीन राहायची रुळांपलीकडे.

रविवारी मॅक्सीनने जेवायला बोलावलं होतं आणि व्हर्जिल तिला आज लग्नाचं विचारणार होता. दोघांचेही जोडीदार कधीच गेलेले. एकट्याने जेवायचा आता त्याला मनापासून कंटाळा आला होता. व्हॅनने त्याला अगदी वेळेत दारात आणलं, पण हा काही उतरेना.

"आपण पोहोचलो आहोत. कृपया उतरा," व्हॅन म्हणाली.

"अगं, एक चक्कर मार ना अजून!"

अशा चकरांवर चकरा झाल्या. शेवटी त्याने बेल वाजवली तेव्हा तिने भाजलेला खिम्याचा मीटलोफ पार थंड झाला होता.

"गाडी आडवी आली," तो म्हणाला.

मॅक्सीनने फोन त्याच्या नाकासमोर धरला. "तुझ्या लेकीचं फाटक म्हणतंय, सकाळपासून एकही गाडी नाही. आता बोल!"

"हे फोनवरपण दिसतं?"

"सभेत टाळ्या पिटण्याऐवजी ऐकलं असतंस तर कळलं असतं."

व्हर्जिलला पळवाटच उरली नाही. "घाबरलो होतो गं," तो म्हणाला. "माझ्याशी लग्न करशील का, एवढंच विचारायचं होतं."

मॅक्सीनने खिडकीबाहेर पाहिलं. "ती व्हॅन अजून का उभी आहे?"

"मीच थांबवलीय. तू नाही म्हणालीस तर लगेच निघता यावं म्हणून."

मॅक्सीन सपाता फटफटवत पायरीवर गेली आणि रिकाम्या व्हॅनवर खेकसली, "जा गं बाई तू! हा आता कुठे जात नाही."