रंगाखाली राहिलेलं जस्त

मी जस्ताचा तुकडा बोलतोय. साबणाच्या वडीएवढा, एका लोखंडी नावेच्या बुडाशी बोल्टने आवळलेला होतो.

माझ्या प्रत्येक अणूच्या बाहेरच्या कक्षेत दोन इलेक्ट्रॉन असतात. ते मला धड सांभाळता येत नाहीत. पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनच्या अणूला नेमके दोनच कमी पडतात. एकाला जड झालेलं दुसरा घेतो, दोघंही निवांत होतात आणि एकमेकांना धरून राहतात. आमच्यातली कितीतरी नाती अशीच जुळतात. लोखंडही इलेक्ट्रॉन देतं, पण देता देता गंजून पोखरलं जातं. मी त्याच्याआधी देतो, म्हणून मला त्याच्या शेजारी बसवतात. मी झिजायचं आणि नाव टिकायची, एवढंच माझं काम.

नाव एका नावाड्याची होती. तिच्याच जिवावर त्याने एकट्याने मुलगी वाढवली. दरवर्षी तो नाव काठावर ओढायचा, बूड खरवडून रंगवायचा आणि झिजलेलं जस्त बदलायचा. मला बसवताना म्हणाला होता, "झीज बाबा खुशाल."

पुढच्या वर्षी त्याची कंबर मोडली, तो अंथरुणाला खिळला. मग मुलगीच ब्रश घेऊन आली. चार दिवस एकटी राबली. मी निम्माच झिजलो होतो, पण खडबडीत, पांढुरका, दिसायला अगदीच गबाळा. तिने माझ्यावरही रंगाचे दोन हात दिले आणि वडिलांना फोन लावला.

"बाबा, झालं! इंचभरही जागा सोडली नाही."

"शाब्बास गं माझी वाघीण!"

माझ्याबद्दल सांगायचं तो विसरला होता. ती तरी काय करणार?

पाणी मला शिवेना, त्यामुळे माझे इलेक्ट्रॉन जागच्या जागी राहिले. नावेच्या इंजिनाच्या पंख्याजवळ रंगाचा टवका उडाला होता, तिथे ऑक्सिजनने लोखंडाला गाठलं. लोखंड बिचारं देत राहिलं आणि मी शेजारी नुसता बसून होतो. वर्ष सरायच्या आत भर खाडीत बूड फुटलं. माणसं वाचली, नाव गेली.

भंगारवाल्याने ती काठावर ओढली, तेव्हा नावाडी काठी टेकत आला. त्याने नखाने माझ्यावरचा रंग खरवडला, वर्षभरात मी जराही झिजलो नव्हतो हे पाहिलं आणि बोल्ट सोडवून मला हातात घेतलं.

"बाबा, माझं काही चुकलं का हो?" मुलीने मागून विचारलं.

त्याने मला मुठीत झाकलं. "छे गं. पत्राच जुना झाला होता."

आता मी त्यांच्या खिडकीत असतो. मुलगी मला रोज पुसते. "नावेची एवढी एकच वस्तू धड राहिली, नाही का बाबा?" तो मान फिरवतो.

कुणीतरी मला खाऱ्या पाण्यात टाका हो. मला असं धड राहायचं नव्हतं.