सासऱ्यांचे रेझिस्टर

"प्रीअँप आपण घरीच बनवू या की," असं सूनबाई सहज बोलून गेली आणि तिथून तिच्या रविवारांची वाट लागली.

बोलायला निमित्त होतं. सासऱ्यांचा रेकॉर्ड प्लेअर ठणठणीत होता, स्पीकरही ठणठणीत होते. पण रेकॉर्डच्या सुईवरून येणारा मुंगीएवढा आवाज उचलून मोठ्या अँप्लिफायरच्या हवाली करणारा मधला डबा, म्हणजे प्रीअँप, एका दुपारी जळका वास सोडून गप्प झाला होता. सासऱ्यांनी आयुष्यभर रेडिओच दुरुस्त केले होते. पूर्वी असा डबा त्यांनी जेवायला हाक येईपर्यंत उघडून, नीट करून, परत बंदसुद्धा केला असता. पण अलीकडे त्यांचे हात थरथरायचे. चहाचा कप अर्धाच भरून द्यावा लागे. तापलेलं सोल्डरिंग आयर्न त्यांच्या हातात द्यायची कुणाची छाती नव्हती, आणि डब्यातला बोर्ड तर पार कोळसा झालेला.

"बाजारात तयार मिळतो. मी येताना घेऊन येतो," नवरा म्हणाला. तो पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात मालाची रवानगी बघायचा आणि जगातली प्रत्येक अडचण येताना घेऊन येण्यासारखी असते अशी त्याची समजूत होती.

"असली प्लॅस्टिकची साबणाची डबी माझ्या टेबलावर नको," सासरे म्हणाले.

मग सूनबाई ते वाक्य बोलली. ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या आणि कॅप बनवायची. केसाएवढी फट तिला नुसत्या डोळ्यांनी दिसायची. तिचा हिशोब सरळ होता. आकृती बघायची, सामान आणायचं, जोडायचं. एवढं जन्मभर दुसऱ्यांचे दात बसवले, एक डबा काय अवघड आहे.

आकृती तिला इंटरनेटवर मिळाली. 'पहिल्यांदाच बनवणाऱ्यांसाठी' असं वर ठळक लिहिलं होतं. घोडं अडलं ते खाली. निम्म्याअधिक भागांपुढे त्या भल्या माणसाने 'आवडीनुसार' असं लिहून ठेवलं होतं. आयसी आवडीनुसार, कपॅसिटर आवडीनुसार, आवाज लहानमोठा करणारा पॉट आवडीनुसार. सूनबाई ते वाचून तडकलीच. कुठला दंतवैद्य लॅबला चिठ्ठी पाठवताना 'दाढ आवडीनुसार' असं लिहितो का?

तिने हौशी लोकांच्या एका गटात विचारलं. एकाने एक आयसी सुचवली, आवाज मधासारखा येतो म्हणे. दुसरा त्याच्याखालीच म्हणाला, त्या आयसीतून आवाज पत्र्यावर खडे पडल्यासारखा येतो. तिसऱ्याने दोघांना बाजूला सारून तिला सांगितलं, आधी तुम्हाला संगीतातून नेमकं काय हवंय ते ठरवा. 'ते ऐकू यायला हवंय,' असं तिने लिहिलं, आणि उगाच भांडण नको म्हणून खोडलं.

घरात तर वेगळाच उंटावरचा शहाणा बसला होता. सामान आणायचं ठरल्यावर सासऱ्यांनी माळ्यावरून पत्र्याचे डबे खाली काढायला लावले. त्यात जुन्या सेटमधून उपटून ठेवलेला माल होता. तो टेबलावर ओतून ते खुर्ची ओढून बसले आणि तिने काहीही म्हटलं की मान हलवू लागले.

"बाबा, हे कपॅसिटर बघा. फिल्मचे आहेत, छोटे."

"कंडेन्सर म्हण."

"बरं, कंडेन्सर. हे घेऊ का?"

"एवढासा? याच्या पोटात काय मावणार? कंडेन्सर कसा हातात घेतल्यावर जाणवला पाहिजे."

"त्याच्या पोटात किती मावतं ते त्याच्या अंगावरच लिहिलंय, बाबा."

"लिहायला काय जातं."

कंडेन्सरवर एक रविवार गेला. पुढचा ट्रान्सफॉर्मरवर. सासऱ्यांना तो डब्याच्या आतच हवा होता, त्याशिवाय डब्याला वजन येत नाही म्हणून. जिकडेतिकडे लिहिलं होतं की नवशिक्यांनी तो बाहेर ठेवावा, नाहीतर स्पीकर घुमत बसतात. सूनबाईने ते मोठ्याने वाचून दाखवलं. सासरे म्हणाले, "नवशिके ते. मी नाही."

"बनवणार मी आहे ना पण," ती म्हणाली. हे तिच्या तोंडून जरा चढ्या आवाजात निघालं. ट्रान्सफॉर्मर बाहेर राहिला.

त्यात दुकानदाराची भर. त्याच्या काउंटरमागे छतापर्यंत इवलेसे खण होते आणि कशाचंही नाव काढलं की तो म्हणायचा, "काही घ्या हो, सगळं चालतं." त्याने दिलेल्या कपॅसिटरचे पाय बोर्डाच्या भोकांत बसेनात. ते बदलून आणले, तर आयसीचा सॉकेट भलत्याच मापाचा निघाला. दोन्ही वेळा तो दुकानदार तिच्यासारखाच वैतागला, जणू भोकं तिनेच चुकीची पाडली होती.

शेवटी उरले रेझिस्टर, वीज अडवून धरणारे चिमुकले तुकडे. तिने निळे, मेटल फिल्मचे आणले होते. स्वस्त, सुबक, सगळे एकसारखे. सासऱ्यांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पत्र्याच्या सर्वांत छोट्या डब्यातून त्यांनी आपले तपकिरी, जाडसर कार्बनचे रेझिस्टर तळहातावर घेतले. तळहात थरथरत होता आणि रेझिस्टर एकमेकांवर खुडखुड वाजत होते.

"हे घाल. यांच्यामुळे आवाजाला अंग येतं."

"बाबा, हे किती जुने आहेत."

"मीही जुनाच आहे."

सूनबाईने हात टेकले. कंडेन्सर तिचे, ट्रान्सफॉर्मरही तिच्या मनासारखा. एवढं एक त्यांचं असू दे, असा तिने विचार केला. खरं म्हणजे विचारबिचार काही नाही, ती दमली होती.

जोडणी मात्र झकास झाली. सोल्डरचे टाके असे चकचकीत पडले की सासऱ्यांनी भिंग लावून एकेक पाहिला आणि कुठेही बोट ठेवलं नाही. त्यांच्याकडून हीच शाबासकी. पुढच्या रविवारी दुपारी तिने सगळ्या तारा जोडल्या, सुई रेकॉर्डच्या काठावर ठेवली आणि पॉट हळूच फिरवला.

फस्स्स्स.

कुणीतरी बाजूच्या खोलीत भजी तळत असावं तसा आवाज. त्यातूनच सतार वाजायला लागली, पण ती ऐकायची म्हणजे तेलातून ओढून काढायला हवी. सूनबाईचा चेहरा पडला. तिने सुई उचलली. सतार थांबली, फस्स्स् चालूच.

सासरे मात्र डोळे मिटून हसत होते. "बघ," ते म्हणाले, "काय शांत आहे. सुई उचलली तरी चूं नाही."

तिला वाटलं ते खवचटपणा करताहेत. "बाबा, केवढा आवाज येतोय."

"कसला?"

"हा काय, फसफस चाललीय. तुमच्या रेझिस्टरचीच असणार."

"काहीतरीच. माझे रेझिस्टर असा आवाज करत नाहीत."

"अहो, आत्ता करताहेत."

"तुझ्या त्या इंटरनेटने तुझ्या डोक्यात भरवलंय. ऐकायच्या आधीच कान भरलेत तुझे."

सूनबाईचं डोकं सणकलं. कित्येक रविवार ती गिळत आली होती, ते सगळं घशाशी आलं. तिने आत हाक मारून नवऱ्याला बोलावलं. तो हातातला टॉवेल खांद्यावर टाकत आला.

"तू सांग. काही ऐकू येतंय का?"

त्याने घटकाभर ऐकलं. "हो की. कुकरची शिटी अडकल्यासारखं येतंय." आणि वडिलांकडे न बघताच, सहज, हवापाण्याबद्दल बोलावं तसं तो म्हणाला, "बाबांना नसेल येत. बारीक आवाज त्यांना हल्ली नाहीच ऐकू येत. दारावरची बेलसुद्धा नाही का..."

मग त्याला कळलं आपण काय बोललो ते.

सासऱ्यांनी स्पीकरकडे पाहिलं. मग सूनबाईकडे. ती खाली बघत होती, आणि तेच वाईट झालं. तिने नाही म्हटलं असतं तर ते दोघांशी भांडले असते. ते उठले, खुर्ची टेबलाखाली नीट सारली आणि आपल्या खोलीत गेले.

"मी मुद्दाम नाही बोललो," नवरा म्हणाला.

"तुला मी बोलवायलाच नको होतं," ती म्हणाली, आणि स्विच बंद केला.

त्यानंतर घरात बोलणं कामापुरतं उरलं. चहा ठेवू का, ठेव. औषध घेतलं का, घेतलं. लॅबमध्ये एका कवळीचे दात लावताना सूनबाईच्या मनात तेच घोळत राहिलं. माणूस आयुष्यभर कानावर पोट भरतो. सेट उघडायच्या आधी नुसता ऐकून, आत काय बिघडलंय ते सांगतो. आणि त्याचा कान कधी निसटला हे त्याला भर दुपारी, घरच्यांसमोर कळतं. तिला त्यांची दया आली, आणि लगोलग रागही आला, की एवढा हट्ट केला नसता तर ही वेळच आली नसती. आपण इतक्या सहज का हो म्हणालो, याचाही राग आला. त्या नादात तिने एक सुळा उलटा बसवला आणि तो काढताना मेण सांडलं.

एका संध्याकाळी ती घरी आली तर सासरे टेबलाशी बसलेले. समोर जुना मीटर, छोटा डबा उघडा. ते एक रेझिस्टर टेबलावर ठेवून त्याच्या दोन टोकांना मीटरच्या सुया टेकवायला बघत होते. एक टेकली की दुसरी निसटायची. त्यांच्या कपाळावर घाम होता. ती दारातच थांबली. रेझिस्टर घरंगळून खाली पडला तेव्हा त्यांनी तोंडातल्या तोंडात एक शिवी हासडली, आणि मग त्यांना ती दिसली.

ती पिशवी ठेवून शेजारी बसली, सुया त्यांच्या हातून घेतल्या आणि रेझिस्टर उचलला.

"दोन्ही टोकांना बोटं लावू नकोस," ते म्हणाले. "नाहीतर तुझं अंगच मोजशील."

तिने तो पुठ्ठ्याच्या तुकड्यावर ठेवून सुया टेकवल्या. सासरे चष्मा वर करून काटा बघत होते. रेझिस्टरवरच्या मापाच्या रंगीत पट्ट्या एक सांगत होत्या आणि काटा दुसरंच. दुसरा लावला, त्याचाही आकडा फुगलेला. तिसरा तर पट्ट्यांपेक्षा कितीतरी पुढे गेला होता. सबंध डबाभर तीच कथा. वर्षानुवर्षं झाकण लावून जपलेला माल आतल्या आत बदलून गेला होता.

"मीटर खोटं बोलत नाही," ते शेवटी म्हणाले. "तुझे ते निळे काढ."

"आत्ता?"

"मग काय मुहूर्त बघायचाय? पण मोजल्याशिवाय एकही घालायचा नाही. डाव्या स्पीकरचा आणि उजव्या स्पीकरचा जुळला पाहिजे."

"बाबा, सगळे एकाच पाकिटातले आहेत."

"एकाच आईची मुलं तरी सारखी असतात का? मोज."

ती चिडली, पण मोजायला बसली. आकडे इतके जवळजवळ होते की जोड्या लावणं म्हणजे तांदळाच्या दाण्यांची सोयरीक जुळवण्यासारखं होतं. सासरे तरी अडून बसत. हा नको, तो दे. सुट्टीच्या दिवशी तिने तपकिरी रेझिस्टर एकेक करून बोर्डावरून उतरवले. ते फेकायला घेतले तर सासरे म्हणाले, "असू दे डब्यात," आणि तिने डब्यात टाकले.

परत तारा जोडल्या. या वेळी सासरे डोळे मिटून बसले नाहीत. ते सूनबाईच्या तोंडाकडे बघत बसले.

"काय येतंय?" त्यांनी विचारलं.

तिने कान स्पीकरला जवळजवळ चिकटवला. "काही नाही. अगदी स्पीकरला कान लावला तर थोडं. एरवी नाही."

"नक्की? माझ्यासाठी म्हणून सांगू नकोस."

"नक्की, बाबा."

त्यांनी मान डोलावली. तिने सुई ठेवली. सतार आली, स्वच्छ, आणि सूनबाईला हायसं वाटायला लागलं तोच तिच्या कपाळाला आठी पडली. ती डाव्या स्पीकरपाशी गेली, मग उजव्या, मग परत डाव्या.

"आता काय?"

"डावी बाजू मुकी आहे जवळजवळ. सगळं उजवीकडूनच येतंय." तिने पॉट थोडा पुढे फिरवला. डावी बाजू जागी झाली. मागे आणला, परत झोपली. "हा पॉटच बेकार आहे. आवाज बारीक ठेवला की एक बाजू गळपटते. आता हा उपटायचा, दुसरा आणायचा, तोही असाच निघाला तर परत..." ती धपकन खुर्चीवर बसली. डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं. "मी थकले, बाबा. एक भाग धड निवडून येत नाही माझ्याच्याने."

सासरे उठले. थरथरत्या बोटांनी पॉटची गुंडी पकडली आणि आवाज वाढवत नेला, इतका की खिडकीची काच बारीक थरथरली. दोन्ही बाजू बरोबरीने वाजू लागल्या. आतल्या खोलीतून नवऱ्याने काहीतरी ओरडून विचारलं ते कुणाला कळलं नाही.

"मी तसाही मोठाच ऐकतो," ते तिच्या कानाशी वाकून म्हणाले. "हल्ली."

ते बसले. रेकॉर्डची ती बाजू संपेपर्यंत दोघं तशीच बसून राहिली, कारण त्या गोंगाटात बोलता येणं शक्यच नव्हतं. मग सूनबाईने सुई उचलली, स्विच बंद केला आणि पेचकस घेऊन डब्याचं झाकण काढायला लागली.

"राहू दे की आता," सासरे म्हणाले.

"नाही. मला बारीक आवाजात ऐकायचंय." तिने पॉटचा नट सैल केला. "उद्या लॅबमधून सुटले की दुकानात जाते. तुम्ही चला बरोबर. मीटर घेऊन चला. तिथल्या तिथे मोजून घेऊ, मग बघते तो कसा सगळं चालतं म्हणतो ते."

सासऱ्यांनी मीटरच्या तारा गुंडाळायला घेतल्या. त्या त्यांच्या बोटांत अडकल्या. तिने त्या सोडवल्या आणि पुन्हा त्यांच्याच हातात दिल्या.