शिडीवरचा ठोका

दादा वारला आणि पोहण्याच्या तलावावर त्याच्याकडे शिकणारी सगळी पोरं त्याच्या धाकट्या बहिणीच्या गळ्यात पडली. दादाची मुलगी बेडकी तिला आत्या म्हणायची, म्हणून अख्खा तलावच तिला आत्या म्हणू लागला.

दादाचं शास्त्र सरळ होतं. आधी ताकद, लगेच दम. वजनं उचलून खांदे थरथरत असतानाच पोरांना पाण्यात उतरवायचं आणि लांब पल्ला काढून घ्यायचा. आत्याने हे मोडलं. वाढत्या हाडांवर दोन्ही एकदम लादलं की अति तिथे माती, हे तिला तिच्या स्वतःच्या अधू खांद्याने शिकवलं होतं. तिने वजनं हलकी केली, रबरी पट्ट्या आणल्या आणि ताकदीच्या दिवशी पाण्यात फक्त सावकाश पोहणं ठेवलं. पालकांनी कुरकुर केली की म्हणायची, "एका म्यानात दोन तलवारी राहतात हो, पण दोन्ही एकदम उपसायच्या नसतात."

बाकीची पोरं खुलली. बेडकी मात्र सुकत चालली. निवड चाचणी तोंडावर आली आणि हिला वेणी घालायला हात वर नेता येईना. विचारलं तर "कुठे काय?" म्हणून नाक खाजवायची. खोटं बोलताना तिचा बापही तेच करायचा.

एके सकाळी आत्या लवकर आली, तर वजनांच्या खोलीचं दार उघडं, आतल्या वजनांच्या मुठी घामाने ओल्या, आणि बेडकी एकटीच पाण्यात फेऱ्यांवर फेऱ्या मारतेय. म्हणजे दादाचं जुनं शास्त्र ही चोरून चालवत होती. पाण्यात डोकं असलेल्याला हाक पोचत नाही, म्हणून दादा लोखंडी शिडीवर किल्ली वाजवायचा. एक ठोका म्हणजे चालू ठेव, दोन म्हणजे बाहेर ये. आत्याने घराची किल्ली काढून दोनदा वाजवली. बेडकी भिंतीला पाय लावून पुन्हा निघाली. पुन्हा दोन. पुन्हा तेच. कार्टी मुद्दाम करतेय असं वाटून आत्या कपड्यांनिशी पाण्यात उतरली आणि तिने डोकं बुडवलं.

टक्. एकच.

शिडीपाशी कुणी नव्हतं. पण दादाचा तो वैतागलेला ठोका तिने हजारांत ओळखला असता. ती घाबरली, हे खरं. त्याहून जास्त तिला आनंद झाला, आणि त्या आनंदाचीच तिला भीती वाटली. तिने पुन्हा डोकं बुडवून ऐकलं, श्वास संपेपर्यंत.

वर आली तेव्हा बेडकीचा उजवा हात पाण्याबाहेर निघत नव्हता. आत्याने तिला कमरेला धरून काठाशी आणलं.

"सोड ना. मी थांबले की बाबा बंद होतात."

"मीही ऐकलं गं."

"मग कशाला थांबवतेस?"

आत्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा सुजून गरम झाला होता.

"तुझा खांदा किती दुखतोय ते त्याला तिथून दिसत नाही. मला दिसतंय." मग ती पाण्याकडे बघून म्हणाली, "दादा, पुरे आता. ती माझ्याकडे आहे."

बेडकीने झटकन डोकं बुडवलं. बराच वेळ ती वर आली नाही. आली ती आत्याकडे वळली.

"तू घालवलंस त्यांना."

"हो," आत्या म्हणाली.

बेडकीला एका हाताने शिडी चढता येत नव्हती, म्हणून आत्या मागून आधार देत राहिली.