थोरल्या महाराजांचं प्रायश्चित्त

इंग्लंडमधल्या रीडिंग गावच्या मराठी मंडळाला त्या वर्षी, म्हणजे २००३ साली, गणपतीसाठी कौन्सिलचा हॉल फुकटात हवा होता. कौन्सिलमधली बाई म्हणाली, देते की, पण तुमच्या प्रोग्रॅममध्ये इथल्या हिस्टरीचं काहीतरी पाहिजे. सॅक्सन राजे वगैरे चालतील. दुसरं कोणी असतं तर चार पोरांना कागदाचे मुकुट घालून दहा मिनिटांत उरकलं असतं. पण मंडळाचे अध्यक्ष होते रघुवीर दामले, मूळचे पुण्याचे, हल्ली ब्रॅकनेलच्या एका कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर. त्यांनी चॅरिटी शॉपमधून एक जाडजूड पुस्तक आणलं आणि तीन अंकी ऐतिहासिक नाटकच पाडलं. त्यातले राजे पार वर नॉर्थचे, रीडिंगशी काडीचा संबंध नाही. पण कौन्सिलच्या बाईला कुठे मराठी येतंय.

तर नाटकाची गोष्ट अशी. साडेतेराशे वर्षांपूर्वी तिकडे दोन राजे होते, ऑस्वी आणि ऑस्विन. नावं इतकी सारखी की तालमीत रोज घोळ. शेवटी रघुवीररावांनी सरळ थोरले महाराज आणि धाकटे महाराज करून टाकलं. थोरल्याला धाकट्याचं राज्य हवं होतं. धाकट्याकडे सैन्य कमी. उगाच माणसं कशाला मारायची म्हणून त्याने सगळ्यांना घरी पाठवलं आणि स्वतः एका विश्वासातल्या सरदाराच्या घरी लपला. सरदाराने त्याला घरात घेतलं, आणि गुपचूप थोरल्याला कळवून टाकलं. थोरल्याची माणसं आली, धाकट्याला कापून गेली. मेलेला राजा थोरल्याच्या राणीच्या नात्यातला. ती नवऱ्याच्या मागे लागली. मग थोरल्याने खुनाच्या जागी एक मठ बांधून दिला. तिथले साधू रोज दोघांसाठी प्रार्थना करायचे, मारणारा आणि मेलेला, दोघांसाठी एका दमात.

अनुष्काला पहिल्या वाचनालाच हे किळसवाणं वाटलं होतं.

"मठ बांधला की झालं?" तिने विचारलं.

"प्रायश्चित्त म्हणतात त्याला," रघुवीरराव म्हणाले. "तू शाळा सोडून बसलेली, तुला कसं कळणार."

अनुष्का म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, वय सतरा. ख्रिसमसच्या आधी सिक्स्थ फॉर्मच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, टीचरशी वाजलं, तिने फोल्डर खिडकीतून खाली भिरकावला आणि परत त्या दारात पाऊल टाकलं नाही. आता ती सुपरमार्केटच्या मांस-चीजच्या काउंटरवर हॅम कापायची. मंडळातल्या बाकीच्या मुलींना ए-लेव्हल्सच्या परीक्षा होत्या, हिला काही नव्हतं, म्हणून राणीचं काम हिच्या गळ्यात पडलं.

थोरले महाराज अर्थातच रघुवीरराव. आणि धाकटे महाराज होता श्रीनिवास.

हा श्रीनिवास त्यांच्याच घरी, वरच्या मजल्यावरच्या बॉक्स रूममध्ये राहायचा. कॉलेजात रघुवीररावांच्या मागे चार-पाच वर्षं होता, त्यांना रघुदादा म्हणायचा. त्याची नोकरी गेली, आणि वर्क परमिट नोकरीला बांधलेलं, त्यामुळे तेही गेलं. स्लाउच्या एका कंपनीने घेतो म्हणून सांगितलं होतं, नवं परमिट आज येईल उद्या येईल चाललं होतं. ते येईपर्यंत कोणाच्या डोळ्यावर यायचं नाही, एवढंच त्याला सांभाळायचं होतं. घरात तो बॉयलर दुरुस्त करायचा, अनुष्काची आई नीना हिला भाजी चिरून द्यायचा, आणि तालमीत मरताना इतक्या झोकांड्या खायचा की सगळे पोट धरून हसायचे. "सात वेळा मेलोय," म्हणायचा, "आता चहा द्या."

ऑगस्टच्या शेवटी एका सकाळी बेल वाजली. अनुष्का जिन्यावरच होती, लवकरची शिफ्ट होती तिची.

आता रघुवीरराव सकाळी कसे असतात ते तिला पाठ होतं. साडेसातला बनियनवर खाली येणार, पोट खाजवणार, किचनच्या सिंकमध्येच खाकरून थुंकणार. त्या दिवशी साडेसहाच वाजले होते आणि बेल पुरती वाजायच्या आत त्यांनी दार उघडलं. अंगात इस्त्रीचा शर्ट, पॅन्ट, पायात सॉक्स, केस तेल लावून चप्प बसवलेले. किचनच्या टेबलावर घरच्या तिघांचे पासपोर्ट प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये काढून ठेवलेले. इमिग्रेशनचे दोन पुरुष आणि एक बाई आत आले, सरळ जिना चढून डावीकडे वळले. कुठली खोली म्हणून कोणीच विचारलं नाही.

श्रीनिवास लुंगीवर बाहेर आला. "वन मिनिट, प्लीज," म्हणाला, परत आत गेला आणि पांघरुणाची घडी घालून उशीवर ठेवून आला.

"धिस इज अ शॉक," रघुवीरराव हॉलमध्ये उभं राहून म्हणत होते. बँकेत बोलायचा त्यांचा एक मऊ इंग्लिश आवाज आहे, त्या आवाजात. "धिस इज अ शॉक."

किचनमध्ये नीना चहा गाळत होती. रोज चार कप लागायचे. ट्रेमध्ये तीनच होते. अनुष्काने ट्रेकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. आईने पाहिलंच नाही. दुपारपर्यंत बॉक्स रूममधल्या चादरी गरम पाण्यात धुऊन तारेवर पडल्या होत्या.

संध्याकाळी मंडळातली माणसं सांत्वनाला आली. जसं काही घरात कोणी गेलं होतं. वैजयंतीकाकू साबुदाण्याची खिचडी घेऊन आल्या. मंडळात प्रॉम्प्टिंग त्यांच्याकडे असायचं, बोलायचंही त्यांनीच.

"पण कळवलं कोणी म्हणते मी? कीड पडेल मेल्याला."

रघुवीररावांनी खिचडीचा मोठा घास घेतला, मान हलवली. "मी नाव नाही घेणार. पण तो शेजारचा म्हातारा आहे ना. आमची फोडणी पडली की खिडकी आपटतो."

सगळ्यांनी माना डोलावल्या. तो म्हातारा बिचारा दिवसभर कोल्ह्यांना ब्रेड टाकत बसायचा, त्याला श्रीनिवास नावाचा प्राणी जगात आहे हेही माहीत नसेल. रघुवीररावांच्या ओठाच्या कोपऱ्यात साबुदाण्याचा एक दाणा चिकटला होता, बोलताना वरखाली होत होता. अनुष्का उठून बाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी तालमीला जाताना गाडीत तिने विचारलं.

"बाबा, सॉक्स का घातले होते?"

"काय?"

"काल सकाळी. साडेसहाला."

"थंडी होती."

"ऑगस्टमध्ये."

वळण कधीच गेलं होतं, इंडिकेटर मात्र टकटक करत राहिला.

"हे बघ," शेवटी ते म्हणाले, "आपला पक्क्या व्हिसाचा अर्ज पुढच्या महिन्यात जायचाय. चार वर्षं मान खाली घालून काढलीत मी इथे. आपल्या पत्त्यावर व्हिसा संपलेला माणूस सापडला असता तर सगळेच गेलो असतो. तूसुद्धा. मग कापत बसली असतीस हॅम कोथरूडला."

"मग त्याला जा म्हणायचं होतं."

"तोंडावर?" रघुवीररावांना मनापासून नवल वाटलं. "इतके महिने घरात ठेवलेल्या माणसाला जा कसं म्हणणार? बरं दिसतं का ते?"

अनुष्काला हसू आलं, ओकारी यावी तसं. भीड पडली म्हणून माणूस पकडून दिला. जा म्हणायला जीभ रेटली नाही, फोन करायला रेटली.

"त्याला सांगा," ती म्हणाली.

"कोणाला?"

"श्रीकाकाला. तुम्ही केलंत म्हणून सांगा. तो तुम्हाला देव समजतोय. नाहीतर मी सांगते."

"सांगतो ना. पण नाटक होऊ दे आधी, माझं डोकं जागेवर राहू दे. सोमवारी त्याचं विमान आहे म्हणतात. शनिवारी प्रयोग झाला की रविवारी मी स्वतः फोन करतो. गणपतीची शपथ."

शपथ घेताना त्यांनी स्टिअरिंगवरचा एक हात उचलून गळ्याच्या कातडीला चिमटा लावला. ती कातडी कोंबडीसारखी लोंबत होती.

श्रीनिवासचाच फोन आधी आला, त्याच रात्री. विमानतळाजवळ कुठेतरी ठेवलं होतं त्याला. अनुष्काने उचलला.

"काय राणीसरकार," तो म्हणाला, "धाकटे महाराज कोण करतंय आता?"

"मिहीर."

"मेलोच मग मी. तो आधीच झाडासारखा उभा असतो, पडताना सेट घेऊन पडेल." मग म्हणाला, "नंबर लिहून घे. कॉरिडॉरमध्ये भिंतीवर फोन आहे, कोणीही उचलतं, माझं नाव सांगायचं. आणि दादांना दे. फार केलं गं त्यांनी माझ्यासाठी."

तिने रिसीव्हर बापाकडे दिला आणि तिथेच उभी राहिली, बघू काय करतात.

"अरे वेड्या," रघुवीरराव म्हणाले, "आभार कसले मानतोस. पाठचा भाऊ आहेस तू माझा." एका हाताने ते चिवड्यातले शेंगदाणे वेचून खात होते. आणि डोळ्यातून पाणी येत होतं. खोटं असतं तर तिने सोडून दिलं असतं. ते खरं होतं. शेंगदाणेही चालू होते आणि रडूही.

शनिवारी हॉल भरला. ओले कोट, उदबत्ती आणि बटाटेवड्याचं तेल, तिन्हींचा मिळून एक वास. रघुवीररावांनी अंगावर मेंढीच्या कातड्याचा गालिचा पांघरला होता, घामाने तो भिजून ओल्या कुत्र्यासारखा घाण मारत होता. मिहीरला श्रीनिवासचा झगा नडगीपर्यंतच येत होता. सरदाराचं काम पुष्करने केलं. धाकट्या महाराजांच्या पानात तो तूप वाढायला लागला तेव्हा पहिल्या रांगेतून कोणीतरी "हरामखोर" म्हणालं.

रघुवीरराव विंगेत अनुष्काच्या बाजूला उभे होते. "बघ," कुजबुजले, खुशीत, "कसा राग येतोय लोकांना."

तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच काही लागलं नव्हतं.

शेवटचा प्रवेश. मठ बांधून झालाय, घंटा वाजते, थोरले महाराज गुडघे टेकतात. राणीने तांब्याने त्यांच्या हातांवर पाणी घालायचं आणि म्हणायचं, "महाराज, आपलं पाप धुतलं गेलं. या हातांवर आता रक्त नाही." एवढं झालं की पडदा.

घंटा वाजली. त्यांनी ओंजळ पुढे केली. बोटांवर केस, नखांत चिवड्याची हळद. अनुष्का तांब्या धरून उभी राहिली.

"महाराज, आपलं पाप," विंगेतून वैजयंतीकाकू.

तांब्या तिच्या हातात तसाच.

"महाराज, आपलं पाप धुतलं," काकूंचा आवाज चढला. मागे कोणीतरी खुदकन हसलं.

"बोल," रघुवीरराव ओठ न हलवता म्हणाले.

"आधी तुम्ही," ती हळूच म्हणाली. "रविवारचं नक्की ना? हो म्हणा. मग बोलते."

ते तिच्याकडे बघत राहिले. एक क्षण तिला वाटलं, म्हणतील. मान थोडी खाली गेलीही होती. मग त्यांनी तिच्या हातातला तांब्या काढून घेतला, आपल्याच हाताने आपल्या दुसऱ्या हातावर पाणी ओतलं, आणि प्रेक्षकांकडे वळून भरदार आवाजात म्हणाले,

"राणीसरकारांचा कंठ दाटून आलाय. पण त्यांचे डोळे सांगताहेत. आमचं पाप धुतलं गेलं. या हातांवर आता रक्त नाही."

हॉल नुसता कोसळला टाळ्यांनी. बायका पदराने डोळे पुसत होत्या. पडदा पडून पुन्हा उघडला तेव्हा रघुवीररावांनी तिचा हात आपल्या ओल्या हातात घट्ट धरून वर उचलला. कोमट आणि बुळबुळीत. तिने तो झग्याला पुसला, मग पुन्हा पुसला.

"सावरून घेतलं की नाही?" आत आल्यावर ते म्हणाले. मिशी अर्धी सुटून लोंबत होती. "तुझ्यामुळे सीन उलट वर गेला."

"उद्या फोन करताय ना?"

"अगं, आता कशाला?" त्यांनी मिशी ओढून काढली. "जाणारच आहे तो. जाताना कशाला त्याच्या जीवाला घोर? त्याच्याच भल्यासाठी म्हणतोय मी." आणि जेवायला गेले.

अनुष्का तशीच, राणीच्या झग्यात, बाहेरच्या पॅसेजमध्ये आली आणि मोबाईलवरून तो नंबर लावला. कोणीतरी अनोळखी माणसाने उचललं, लांब हाक मारली. बऱ्याच वेळाने श्रीनिवास आला.

"कसा झाला प्रयोग?"

"श्रीकाका, तुला बाबांनी पकडून दिलं."

"असं बोलू नये गं," तो लगेच म्हणाला, जरा रागानेच. "मीठ खाल्लंय मी त्यांचं."

"ते कपडे करून बसले होते. आणि ती माणसं सरळ तुझ्या खोलीत आली. आठवून बघ, कोणी विचारलं का तुझी खोली कुठली?"

पलीकडे टीव्हीचा आवाज येत होता, कोणीतरी खोकत होतं.

"नाही," तो हळू म्हणाला. "नाही विचारलं." मग, "आणि वहिनींना माहीत होतं?"

दाराच्या काचेतून हॉल दिसत होता. नीना रघुवीररावांच्या पानात मसालेभात वाढत होती. त्यांना काजू आवडतात म्हणून डावाने शोधून शोधून काजू वर काढत होती. बाजूला वैजयंतीकाकू उभ्या, कौतुकाने बघत.

"हो," अनुष्का म्हणाली.

"जेवलीस का तू?" त्याने विचारलं.

"नाही."

"जेवून घे जा. उशीर झालाय."

"इथलं नाही जात घशाखाली," ती म्हणाली, आणि फोन कानाला तसाच ठेवून बाहेरचं दार ढकलून बस स्टॉपकडे चालायला लागली.