वाकून माफी

ज्या वर्षी प्यो दोक-सूच्या मुलीचा पहिला वाढदिवस झाला आणि तिनं कोरियन रिवाजानं पुढं मांडलेल्या ताटातलं सगळं सोडून दीर्घायुष्याचं म्हणतात ते दोऱ्याचं रीळ उचललं, म्हणजे १९९१ साली, दोक-सूचे गुडघे कुरकुरायला लागले होते. सिमेंट कंपनीचा फुटबॉल संघ निघाला तेव्हापासून तो बचावफळीत होता. समोरच्याची नडगी त्याला वाटेतल्या काटकीसारखी. प्रेक्षक त्याला खाटीक म्हणत आणि तो ते नाव मिरवायचा.

हंगामाच्या शेवटच्या सामन्याआधी कोचनं त्याला बाजूला घेतलं.

"मेंग हो-यलनं आज गोल केला तर पुढच्या वर्षीचा करार विसर. घरी बसून पोरगी खेळव."

"तो माझ्याच हाताखाली वाढलाय, साहेब."

"मग बरंच झालं. हाड कुठं कच्चं आहे ते ठाऊक असेल तुला."

आता समोरच्या संघात असलेला हो-यल मोकपो गावच्या, दोक-सूच्याच शाळेतला, दोन वर्षं मागचा. एकदा सरावात त्याचा दोक-सूला धक्का लागला आणि पोरगं माफी न मागता चेंडू घेऊन पुढं पळालं. त्या संध्याकाळी दोक-सूनं त्याला वसतिगृहाच्या फरशीवर डोकं टेकवून, हात पाठीवर घेऊन ओणवं केलं आणि बॅटनं मांड्या काळ्यानिळ्या होईपर्यंत बडवला.

"मोठ्याला लागलं तर काय करायचं?"

"थांबायचं, दादा!"

"आणि?"

"वाकायचं, दादा!"

दोक-सूनंही आपल्या मोठ्यांकडून असाच मार खाल्ला होता. हो-यलला मारून झाल्यावर त्यानंच मलम लावलं, आणि रविवारी हो-यलच्या आईच्या हातचं ऑक्टोपसचं कालवण दोघांनी एकाच भांड्यातून ओरपलं.

सामना सुरू होताना हो-यल हसला. "काय दादा, गुडघ्यांना तेलबिल घातलंत का?"

"तुझ्या तोंडात ओततो, थांब."

दोक-सूनं त्याला खाली पाडलं, बोटं तुडवली, बरगडीत कोपर घातलं. पोरगं प्रत्येक वेळी उठलं. उत्तरार्धात एका उंच चेंडूवर दोघं एकदम उडाले आणि हो-यलचं कोपर दोक-सूच्या नाकावर बसलं. हाड कडकन मोडलं. तो गुडघ्यांवर आला, रक्त छातीवर ओघळलं. पंचाची शिट्टी वाजली नाही. चेंडू हो-यलच्या पायाशी पडला होता आणि समोर एकटा गोलरक्षक.

हो-यलनं रक्त पाहिलं. तो थांबला, वळला, कमरेतून वाकला.

"चुकलं, दादा. फार लागलं का?"

"मार की गाढवा!" अख्खं मैदान ओरडलं.

चेंडू हाताच्या अंतरावर होता. दोक-सूला तो नुसता ढकलून देता आला असता. पण करार डोक्यात होता, आणि नाकातली कळही. तो उठला तोच बूट पुढं करून, आणि खिळ्यांसकट हो-यलच्या उभ्या पायातून आरपार गेला. ओली फांदी मोडावी तसा आवाज आला. सांधा नाही तिथं पाय दुमडला आणि मोज्यातून हाड बाहेर आलं.

मग लाल कार्ड, मग लाथा. हो-यलच्या संघानं त्याला घेरून तुडवलं. मैदानातून आत जायच्या बोगद्यात कोचनं पाठ थोपटली. "करार पक्का."

दोक-सू नाशपातीची पेटी घेऊन हॉस्पिटलात गेला. हो-यलची आई दारातच होती. तिनं काही न विचारता छत्री उचलली आणि त्याच्या मोडक्या नाकावर हाणली.

"माझ्या हातचं जेवलास ना रे, मेल्या!" पुन्हा हाणली. "पोट भरून जेवलास ना!"

तो हात खाली सोडून उभा राहिला. छत्रीची काडी वाकली तरी ती मारतच होती.

"आई, पुरे. मनगट जाईल तुझं," आतून हो-यल म्हणाला. पाय सुजून टम्म झाला होता, तापानं ओठ फुटले होते. "दादा, एवढंच सांगा. मी माझ्या हाताखालच्या पोरांना काय शिकवू? लागलं तर थांबा म्हणू, का थांबू नका म्हणू?"

दोक-सूच्या तोंडात रक्त आलं होतं. ते त्यानं गिळलं. मग पेटी तिथंच ठेवून निघाला.

करार झाला. मार्चपासून तो आणखी एक हंगाम खेळला आणि निवृत्त झाला. त्या हंगामात ज्याचा त्याला धक्का लागला, तो मागं न बघता पुढं गेला.

हो-यलची जखम चिघळली, विष रक्तात चढलं. मेंग हो-यल १९९२च्या फेब्रुवारीत, चांद्र नववर्षाचा सण उरकल्यावर आठवड्याभरात वारला.