फियाटचं मागचं बेअरिंग

अमृतरावांनी तीस वर्षं कळमनुरीच्या शाळेत फळ्यावर इंजिन काढलं. सिलिंडर, पिस्टन, दोन झडपा आणि बाजूला हवा आत येण्याचे, धूर बाहेर जाण्याचे बाण. चित्र इतकं सफाईदार यायचं की नव्या शिक्षकांना मुख्याध्यापक ते पाहायला पाठवत. पण खरं इंजिन त्यांनी आयुष्यात कधी खोललं नव्हतं. ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती, आणि कुणी विचारलीही नव्हती.

निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी गावातले जुने डॉक्टर दवाखाना बंद करून मुलाकडे गेले. त्यांची ब्याऐंशी सालची पांढरी फियाट आठ वर्षं एका जागी उभी होती. ती अमृतरावांनी विकत घेतली आणि ओढून आपल्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणली. इंजिन आपण स्वतः बांधायचं, आणि नुसतं बांधायचं नाही तर पहिल्यापेक्षा थोडं दमदार करायचं, असं त्यांनी ठरवलं. पत्नी मिराबाई म्हणाल्या की आधी कुणीतरी माहितगार बघा. तेव्हा ते वारंगा फाट्यावर बाबूसिंगकडे गेले.

बाबूसिंग जवळच्या बंजारा तांड्यावरचा. वय अमृतरावांएवढंच, साठीच्या आसपास. फाट्यावर त्याचं गॅरेज होतं आणि चाळीस वर्षं तो जीप, टेम्पो, ट्रॅक्टर खोलत आला होता. फियाट म्हटल्यावर त्याचे डोळे चमकले. तरुणपणी नांदेडला एका उस्तादाच्या हाताखाली त्याने फियाटच शिकली होती. दर रविवारी तो मोटारसायकलवर येऊ लागला. मजुरीचं विचारलं की म्हणायचा, गुरुजी, माझी पोरगी निता तुमच्याच वर्गात शिकली, तुमच्याकडून काय घ्यायचं. अमृतराव त्याला अरेतुरे करायचे, तो त्यांना अहोजाहो. दोघांनाही त्यात काही वेगळं वाटत नव्हतं.

काम तीन महिने चाललं. इंजिनचं हेड, म्हणजे वरचं झाकण, नांदेडच्या वर्कशॉपमधून बारीकसं घासून आणलं, म्हणजे दाब थोडा वाढावा. हवा जाण्याच्या वाटा अमृतरावांनी स्वतः कानस आणि पॉलिश पेपरने गुळगुळीत केल्या. पेट्रोल थोडं जास्त यावं म्हणून कार्बोरेटरचा जेट एक नंबर मोठा घातला. त्याहून जास्त बाबूसिंगने करू दिलं नाही. म्हाताऱ्या गाडीला तेवढंच झेपतं, असं त्याचं म्हणणं.

आश्विनात शेजारच्या वावरात सोयाबीनची मळणी सुरू झाली आणि भुसा सगळीकडे उडू लागला. इंजिनचा ब्लॉक, म्हणजे मुख्य सांगाडा, तेव्हा टेबलावर उघडा होता. आत भुसा जाऊ नये म्हणून अमृतरावांनी मिराबाईंच्या जुन्या मोरपंखी लुगड्याच्या चिंध्या केल्या आणि ऑइलच्या एकेका भोकात स्क्रूड्रायव्हरने दाबून बसवल्या. पुढच्या रविवारी क्रँक, म्हणजे इंजिनातला फिरणारा मुख्य दांडा, बसवायची होती. त्याआधी त्यांनी चिंध्या काढल्या, ब्लॉक रॉकेलने धुतला.

बाबूसिंग आला तेव्हा त्याने एकदा ब्लॉक गॅरेजवर नेऊन हवा मारून आणू का, असं विचारलं. अमृतरावांना ते लागलं. आपण धुतलेलं याला पुरेसं वाटत नाही, असं त्यांच्या मनात आलं.

"चिंध्या सगळ्या निघाल्या ना, गुरुजी?" बाबूसिंगने विचारलं.

"व्हय. मोजून काढल्या," अमृतराव म्हणाले.

त्यांनी घालतानाही मोजल्या नव्हत्या आणि काढतानाही. बाबूसिंगने मान डोलावली आणि बेअरिंगं बसवायला घेतली. बोल्ट त्यानेच आवळले.

कार्तिकात इंजिन सुरू झालं. आवाज असा की मिराबाई पोळ्या टाकून बाहेर आल्या. अमृतरावांनी गावातून दोन चकरा मारल्या. बाबूसिंगने बजावलं की पहिले हजार किलोमीटर चाळीसच्या वर नेऊ नका आणि एवढ्यात लांब जाऊ नका.

पण मुलीचं, राजनंदिनीचं, लग्न ठरलं होतं आणि बस्ता बांधायला नांदेडला जायचं होतं. साखऱ्याचे व्याही माणिकराव आणि विहीणबाई सुमनबाई कळमनुरीला आले. भाड्याच्या जीपनं जाऊ, असं मिराबाई म्हणत होत्या. अमृतरावांनी व्याह्यांना फियाटमध्ये बसवलं. सरळ रस्ता लागला तसा काटा साठवर गेला, मग सत्तरवर. माणिकराव म्हणाले, गुरुजी, गाडी लई खास बांधली तुमी. अमृतराव नुसते हसले. बाबूसिंगचं नाव त्यांच्या तोंडून आलं नाही.

वारंगा फाटा दिसू लागला तेव्हा खालून ठकठक ऐकू आली. ती वाढली. मग एक कर्कश आवाज होऊन गाडी चहाच्या हॉटेलांसमोर भररस्त्यात गचकन थांबली. बॉनेटमधून धूर आला. रविवारची गर्दी होती. लोक भोवती जमले. त्यात शाळेच्या व्हॅनचा मालक भागवत होता, अमृतरावांचा जुना विद्यार्थी. विहीणबाई पदर सावरत रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या.

बाबूसिंगचं गॅरेज शंभर पावलांवर. तो हातातलं काम टाकून पळत आला, वाकून पाहू लागला. आणि अमृतराव, ज्यांनी तीस वर्षांत वर्गात कधी आवाज चढवला नव्हता, ते ओरडले.

"तुझ्या हाताखालून गेलं तेव्हाच समजायला पाहिजे होतं. तांड्यावरच्या माणसाला इंजिन दिलं, माझीच अक्कल गेली. बैलं हाकणाऱ्यांना काय कळतंय यातलं?"

 बाबूसिंग सरळ उभा राहिला. हात पुसत म्हणाला, "खोलल्याबिगर सांगता येत न्हाई, गुरुजी."

मग त्यानेच चार माणसं बोलावून गाडी बाजूला लावली. ओळखीची जीप थांबवून व्याह्यांना नांदेडला जायची सोय करून दिली. दोन दिवसांनी ट्रॅक्टरला बांधून फियाट कळमनुरीला पोचवली, तीही स्वतः मागे स्टिअरिंगवर बसून. अमृतराव तेव्हा घरात होते. बाहेर आले नाहीत.

त्यानंतर बाबूसिंग आला नाही. आठवडाभरात भागवतने आपल्या चारही व्हॅन त्याच्याकडून काढून हिंगोलीच्या एका गॅरेजला लावल्या. गुरुजी बोलले म्हणजे तसंच असणार, असं तो लोकांना सांगत होता. ते अमृतरावांच्या कानावर आलं. त्यांना थोडं बरंसुद्धा वाटलं, म्हणजे आपण बोललो ते इतरांनाही पटलं.

पौषात त्यांनी एकट्यानं इंजिन खोललं. पुढचं बेअरिंग स्वच्छ होतं, मधलंही. मागचं जळून क्रँकला चिकटलं होतं. ते ठोकून काढलं, खालच्या भोकात बॅटरीचा उजेड टाकला तर आत काळं काहीतरी. चिमट्याने ओढलं. बोराएवढा बोळा निघाला. बाहेरून तेलाने काळा, पण उलगडल्यावर आतून मोरपंखी.

अमृतराव शेडमध्ये स्टुलावर बसून राहिले. काय झालं हे त्यांना एका क्षणात समजलं. तेल तिथवर गेलंच नव्हतं. भोक त्यांनी बुजवलं होतं, स्पष्ट विचारलं तेव्हा खोटं त्यांनी सांगितलं होतं. बोल्ट कुणी आवळले याला काही अर्थ नव्हता.

त्यांनी तो बोळा सदऱ्याच्या खिशात घातला आणि अकरा दिवस कुणाला काही बोलले नाहीत. सकाळी फिरायला जाताना वारंग्याचा रस्ता टाळू लागले. बाजाराच्या दिवशी तांड्यावरच्या बाया भाजी घेताना दिसल्या की वाट बदलायचे. एकदा बाबूसिंगची बायको जिवनबाई समोरून आली, तर हे किराणा दुकानात शिरले आणि लागत नसलेली काडेपेटी घेऊन बाहेर पडले.

बाराव्या दिवशी धुण्याआधी मिराबाईंनी खिसे तपासले. तो बोळा हातात घेऊन त्या शेडच्या दाराशी आल्या.

"हे माझ्या लुगड्याचं हाय," त्या म्हणाल्या. "कुठं सापडलं?"

अमृतरावांनी सांगितलं. मिराबाईंनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी एवढंच विचारलं की बाबूसिंगभावजींना कळवलं का. नाही म्हटल्यावर त्या आत गेल्या आणि दिवसभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी अमृतराव स्कूटर घेऊन फाट्यावर गेले. वाटेत त्यांनी काय बोलायचं ते जुळवलं होतं. गॅरेजमध्ये एकही इंजिन नव्हतं. बाबूसिंग मोटारसायकलच्या ट्यूबला पॅच लावत होता. त्याने उठून स्टूल पुसून दिलं. अमृतराव उभ्यानेच बोलले. म्हणाले की इंजिन खोललं, क्रँकमध्ये जुनाच दोष होता, तुझी चूक नव्हती.

बाबूसिंगने ट्यूब खाली ठेवली. "खरं सांगता?" तो म्हणाला. "दीड महिना झाला, मी माझे हात बघून राहिलो. एकेक बोल्ट आठवून पाहिला. म्हटलं मागचा कमी आवळला असंल. त्या दिवसापासून इंजिनाला हात लावला न्हाई. भेव वाटते. नुसते पंक्चर काढून राहिलो."

त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरताना अमृतरावांना दिसला. काम झालं होतं. आता चहा पिऊन निघता आलं असतं. ते स्कूटरपर्यंत गेले, किक मारली, इंजिन चालू झालं. मग त्यांनी ते बंद केलं आणि परत आले.

"क्रँकमध्ये दोष नव्हता," ते म्हणाले. "चिंधी राहिली होती भोकात. माझी."

बाबूसिंग म्हणाला, "मी इचारलं होतं तुमाला."

"व्हय."

"मोजून काढल्या म्हनले तुमी."

"मोजल्या नव्हत्या."

रस्त्यावरून दोन ट्रक गेले. बाबूसिंगने ट्यूब पुन्हा उचलली, पाण्यात बुडवली, बुडबुडे येतात का ते पाहिलं. मग मान वर न करता त्याने विचारलं, "आन ते बैलांचं बोलले, ते बी चिंधीमुळं का?"

या प्रश्नाचं उत्तर अमृतरावांनी जुळवून आणलं नव्हतं. रागात निघून गेलं, असं म्हणता आलं असतं. पण रागात निघालं म्हणजे आधी आत होतं. ज्या माणसाने तीन महिने त्यांच्या शेडमध्ये बसून त्यांना शिकवलं, त्याच्याविषयी ते आत होतं.

"न्हाई," ते म्हणाले. "ते माझं."

 अमृतराव म्हणाले की भागवतला आणि इथल्या लोकांना मी सगळं सांगतो. त्यावर बाबूसिंग म्हणाला, ते तुमचं तुमी बघा.

अमृतरावांनी सांगितलंही. पुढच्या रविवारी फाट्यावरच्या एका चहाच्या हॉटेलात, भागवत आणि आठदहा जण असताना, उभं राहून सांगितलं की चूक माझी होती, चिंधी माझ्याकडून राहिली, आणि बाबूसिंगला मी जे बोललो ते बोलायला नको होतं. त्यांना वाटलं होतं, लोक हसतील, नावं ठेवतील. त्यासाठी ते तयार होते. पण लोकांनी माना डोलावल्या. एक जण म्हणाला, गुरुजी किती मोठ्या मनाचे, गरिबाची चूक स्वतःच्या अंगावर घेतात. भागवतने वाकून पाया धरले. अमृतरावांनी पुन्हा पुन्हा सांगितलं की असं नाही, हे खरंच तसं घडलं. जितकं सांगावं तितकं लोकांना ते जास्त थोर वाटू लागलं. व्हॅनचं विचारलं तर भागवत म्हणाला की आता हे वर्षभर तरी हिंगोलीलाच ठेवतो, तिकडची घडी बसली आहे.

घरी येताना अमृतरावांना कधी नव्हे इतकी लाज वाटली. खोटं बोललो तेव्हा लोकांनी लगेच मानलं, आणि खरं सांगितलं तर कुणी मानत नव्हतं. दोन्ही वेळा फायदा त्यांचाच झाला होता.

खरं मानलं ते एका सुमनबाईंनी. लग्नाच्या बोलण्यासाठी साखऱ्याला गेले असताना अमृतरावांनी व्याह्यांसमोरही ते सांगितलं. माणिकराव जाऊ द्या म्हणाले. सुमनबाई म्हणाल्या की त्या दिवशी तुमचं बोलणं ऐकून मी घरी आल्यावर विचारात पडले होते, या घरातली सून आणायची का म्हणून. अमृतरावांनी मान खाली घातली. मिराबाई शेजारीच होत्या. त्यांनी त्यांची बाजू घेतली नाही.

लग्न फाल्गुनात झालं. बाबूसिंगला पत्रिका द्यायला अमृतराव स्वतः तांड्यावर गेले. जिवनबाईंनी पाणी दिलं. लग्नाला निता आली, अक्षता टाकून गेली. बाबूसिंग आला नाही.

चैत्रात अमृतरावांनी पुन्हा इंजिन बांधायला घेतलं. क्रँक नांदेडहून ग्राइंड करून आणली, नवी बेअरिंगं आणली. बाबूसिंगला फोन करून विचारलं, तुम्ही याल का. तो म्हणाला, येणार न्हाई, पण अडलं तर फोनवर इचारा. मग प्रत्येक रविवारी ते फोन करत. तो सांगायचा, किती आवळायचं, कुठं तेल लावायचं. कामापुरतं बोलून फोन ठेवायचा. ब्लॉक त्यांनी टेम्पोत घालून फाट्यावर नेला आणि त्याच्याकडून हवा मारून आणला.

इंजिन सुरू झालं. दोन महिने चाळीसच्या खाली चालवून हजार किलोमीटर झाले, तसे एका सकाळी अमृतराव गाडी घेऊन बाबूसिंगच्या गॅरेजसमोर उभे राहिले. तो बाहेर आला. बॉनेट उघडून थोडा वेळ कान देऊन ऐकलं. कार्बोरेटरचा एक स्क्रू पाव आटा फिरवला. गाडी संथ, एका लयीत चालू लागली.

"आता बराबर," तो म्हणाला.

"बसा, बाबूसिंगभाऊ," अमृतराव म्हणाले. "अर्धापूरपर्यंत चक्कर मारून येऊ. तुम्हीच चालवा."

बाबूसिंगने बॉनेट लावलं, त्यावर उमटलेले आपल्या बोटांचे डाग फडक्याने पुसून काढले. म्हणाला, न्हाई गुरुजी, एक जीप यायची हाय, काम हाय. आणि तो गॅरेजमध्ये गेला.

अमृतराव गाडी चालू ठेवून बसून राहिले. जीप आली नाही. अर्ध्या तासाने त्यांनी गिअर टाकला आणि गाडी कळमनुरीकडे वळवली.