वकिलांच्या अंगणातली हरळी

सिंधूताईंना हिरवळ हवी होती, आणि सिंधूताईंना एखादी गोष्ट हवी झाली की ती शेजाऱ्यांपेक्षा चार बोटं वरचीच हवी. अमरावतीच्या रुक्मिणीनगरात कमलाकांत वकिलांचा नवा बंगला उभा झाला, पुढं अंगण सोडलं, आणि बाईंनी हौसेनं विलायती गवताचं बी मागवलं. पाकिटावर मखमलीसारखं पोपटी चित्र. फेब्रुवारीत उगवलं, बाईंनी फोटो काढून ग्रुपवर टाकले, आणि एप्रिलच्या उन्हानं त्याची राख केली. अहो, ऊन कुठलं ते! जिथं दुपारी माणूस दाराबाहेर तोंड काढत नाही, तिथं थंड मुलखातलं गवत काय जीव धरणार?

सून पौर्णिमा अकोल्याला शेतकी शिकलेली. ती म्हणाली, आई, इथं बर्म्युडाचंच बी घ्या. उन्हानं पिवळं पडलं तरी पाण्यावर पुन्हा फुटतं, काळ्या मातीत पक्कं मूळ धरतं. बर्म्युडा म्हणजे आपली हरळीच, थोडी बारीक पानाची. सिंधूताईंचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. हरळी? तुमच्या शेताच्या धुऱ्यावरची, बांधावरची? पण पाकिटावर इंग्रजी नाव होतं, तेवढ्यावर त्या राजी झाल्या. मग माळ्याचं बोलणं निघालं. त्या म्हणाल्या, माळी कशाला, तुझे बाबा आहेत की, त्यांचा सारा जन्म गवतातच गेला.

टोमणाच होता तो. पण पौर्णिमाला गोड लागला. काय करते बिचारी! गौरांगशी रजिस्टर लग्न झाल्यापासून या घरानं तिच्या माहेरच्यांना एकदाही बोलावलं नव्हतं. आता बाबा येतील, राबतील, या लोकांच्या मनात भरतील, आणि बारशाला पहिल्या पंगतीत व्याही म्हणून बसतील. सातवा महिना होता तिला, आणि देवाजवळ तिनं एवढंच मागितलं होतं.

तिचे बाबा रामराव दर्यापूरकडून आले. जन्मभर वावरातली हरळी खणून खणून फेकणारा हा माणूस, आता पोरीसाठी तीच पेरायला गुडघ्यांवर बसला. त्यांनी माती भुसभुशीत केली, शेणखत मिसळलं, बी रेतीत कालवून हातानं फेकलं. जेवायची वेळ झाली की फाटकाबाहेर कडुनिंबाखाली बसून फडक्यातली भाकर सोडायचे. लेकीला मूल होईस्तोवर तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही त्यांची जुनी रीत. पौर्णिमानं विनवलं, तर म्हणाले, "काहून हट्ट करून राहिली? लेकरू होऊ दे. मंग बारशाले पोटभर जेवतो तुह्या घरी."

येणाऱ्याजाणाऱ्यांना काय दिसलं? फाटकाशी भाकर खाणारा मजूर. सिंधूताईंनी कोणाला काही सांगितलं नाही. त्यांना ते बरंच पडलं.

श्रावणात बारसं झालं. बाळंतपणही माहेरी होऊ दिलं नव्हतं, खेड्यात कुठं पाठवायचं म्हणून. अंगण हिरवंगार झालं होतं, पाहुणे चपला काढून त्यावर चालून पाहत होते. पौर्णिमाच्या आईचा, जमुनाबाईंचा, गुडघा धरला होता, म्हणून रामराव एकटेच आले. अंगात धुतलेला पांढरा सदरा, पिशवीत नातवाचे चांदीचे वाळे. त्यांनी फाटकातून आत पाय टाकला तोच शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना ओळखलं. हाच ना तो लॉनवाला, सिंधूताई? कुठून मिळवलात हा माणूस?

सिंधूताईंची पापणीही हलली नाही. दर्यापूरचा आहे, आमच्या सुनेनंच आणला, असं म्हणून त्या पौर्णिमाकडे वळल्या. "चांगला माळी आहे, नाही का गं?"

गौरांग बाजूलाच उभा होता. त्यानं खिशातून मोबाइल काढला. कोर्टात समोरच्याला बोलू न देणारे कमलाकांत वकील खुर्च्या सरळ करू लागले. पौर्णिमा मांडीवरच्या बाळाचं टोपडं नीट करत राहिली. खरं बोलली असती तर जीभ झडली नसती तिची! पण उद्यापासून याच घरात दिवस काढायचे होते, आणि भित्र्या माणसाला उद्याची फार काळजी.

"हो," ती म्हणाली. "चांगलं काम करतात."

रामरावांनी लेकीकडे पाहिलं. मग डॉक्टरीणबाईंना हात जोडले. "बाईसाहेब म्हणतात तं बरोबरच असन जी. तुमचं बी करून देतो."

पंगत बसली. सिंधूताईंनी वाढप्याला सांगितलं की माळ्याचं ताट मागच्या अंगणात, आचाऱ्याच्या माणसांबरोबर वाढ. वाढपी ताट घेऊन गेला आणि तसाच परत आला. मागं कोणी नव्हतं. पायरीवर वाळ्यांची पुडी तेवढी ठेवलेली होती. सिंधूताईंनी ती उघडली, चांदी तळहातावर जोखून पाहिली, हलकीच आहे म्हणाल्या आणि आत नेऊन ठेवली.

संध्याकाळी जमुनाबाईंचा फोन आला. रामराव अजून घरी पोचले नव्हते. आईचा आवाज नुसता हरखलेला.

"जेवले का वं तुये बाबा? सकायपासून पोट रिकामं ठुलं होतं त्यायनं, पोरीच्या घरी जेवाचं म्हणून."

"जेवले," पौर्णिमा म्हणाली. "पहिल्या पंगतीत बसले. पुरणपोळी दोनदा घेतली."